पंचम नाही म्हणून पूरिया

रॉटरडॅम, १२ जून

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

बाबा, इथल्या कार्यक्रमात ऑर्गनच्या साथीनं पूरिया राग गाणार म्हटल्यावर रविवारी ‘चर्चच्या बाजाबरोबर पूरिया?’ एवढंच विचारून तुम्ही फोन आईकडे दिलात. तिनंही गुडघ्याच्या तेलाचं सांगत विषय बदलला. म्हणून हे पत्र. यात मला मध्येच तोडता येणार नाही!

एक तर तो ऑर्गन चर्चमधला नाही. ॲमस्टरडॅमला एका मोठ्या संगीतगृहात आहे. फोकर नावाच्या इथल्या भौतिकशास्त्रज्ञानं सतराव्या शतकातल्या हायगेन्सचं गणित अभ्यासून तो घडवून घेतला, १९५० साली. एका सप्तकात बारा नव्हे, ३१ स्वर. सांगलीच्या देवलांनी आणि क्लेमेंट्ससाहेबांनी श्रुतींची, म्हणजे बारा स्वरांच्या मधल्या बारीक स्वरांचीही, पेटी करवली, अब्दुल करीम खाँसाहेब त्या खटपटीत होते, हे तुम्हीच मला सांगितलेलं. ही खटपट त्याच जातीची.

पियानोबरोबर गायला मी इथे नाहीच म्हणते. खर्जाची तार नीट लागली की तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप बोलतो, त्याहून पियानोचा १४ सेंटनं चढा असतो. (सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट.) लोकांना चालतं, माझे दात आंबतात. या ऑर्गनमध्ये तो फरक एका सेंटचाही नाही. तंबोरा छेडत मी ऑर्गनवादकाला गंधार धरायला सांगितला, तर दोन आवाज वेगळे काढता येईनात. तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात.

पंचम मात्र पाचेक सेंटनं उतरलेला. तंबोऱ्याच्या पंचमाशी भांडतो. म्हणून पंचम लागणारा यमन सोडला आणि पूरिया धरला. पंचम वर्ज्य, तंबोरा पंचमाऐवजी निषादाचा, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, शिवाय घरचा राग. ऑर्गनला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तेव्हा त्यानं आलापाच्या वाटेला जायचं नाही, नुसते स्वर धरायचे, असं ठरवून घेतलंय. वादक समजूतदार आहे.

एक जागा मात्र तुम्हाला खटकणार. मी गंधारावर ठेहराव घेतलेला असताना त्यानं खालून हळूच कोमल रिषभ आणला. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण अंगावर काटा आला. ती जागा मी ठेवली आहे. खाँसाहेबांनी कर्नाटकी सरगम किराणा घराण्यात आणली तेव्हाही कुणीतरी फोन खाली ठेवलाच असेल. (तेव्हा फोन कुठले म्हणा.)

वेळेचं विचाराल. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो आणि आयोजकांनी आठची वेळ दिली होती. लख्ख उन्हात सांजेचा पूरिया! हट्टानं साडेनऊ करून घेतली. तेव्हा मिरजेत रात्रीचा एक वाजलेला असेल, जागू नका. आई, त्यांना झोपव. रेकॉर्डिंग सकाळी पाठवते. बाबा, दोनदा ऐका आणि मग बोला, आधी नाही.

हीटरच्या कोरड्या हवेनं तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा झंकार, पार बसली आहे. इथे कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही. सतारमेकर गल्लीत विचाराल का, डिसेंबरात नुसती घोडी आणली तर चालेल की अख्खा तंबोराच लागेल? विमानाचं तिकीट त्यावर ठरवायचंय.

तुमची,
मनू