दाणे पावडरीने होत नाहीत

संपादक महोदय,

गेल्या रविवारी आमच्या गृहसंकुलाच्या बैठकीत सांडपाणी प्रकल्पाचा विषय निघाला. एका विक्रेत्याने आणलेली जिवाणूंची पावडर टेबलावर ठेवली होती. दर आठवड्याला एक पुडी टाका, पंधरा दिवसांत गाळाचे, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंच्या लगद्याचे, दाणे होतील आणि वास जाईल, असे त्याचे म्हणणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोव्यातील बार्देशच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलात मी एकोणीस वर्षे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, चालवला, त्यामुळे गप्प बसवले नाही.

दाणे होतात, हे खरे. आमची टाकी बॅच पद्धतीची. भरायचे, हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी काढायचे, सगळे एकाच टाकीत. तिथले दाणे मी चहाच्या गाळणीत धरून पाहिले आहेत. नाचणीच्या दाण्याएवढे, पिवळट तपकिरी, पाण्याखाली धरले तरी न विस्कटणारे. एक लिटरच्या मोजपात्रात साधा गाळ अर्धा तास खाली उतरतच राहतो. दाणेदार गाळ पाच मिनिटांत तळ गाठतो आणि तिसाव्या मिनिटालाही पातळी जवळपास तीच असते.

पण ते टाकून होत नाहीत, निवडून होतात. माझी आई सुपात तांदूळ पाखडायची. कोंडा उडायचा, दाणा राहायचा. टाकीतही तेच करावे लागते. गाळ बसायला मुद्दाम थोडाच वेळ दिला की हलके, तंतुमय जिवाणू पाण्याबरोबर निघून जातात आणि पटकन बसणारे तेवढे मागे राहतात. दुसरी गोष्ट खाण्याच्या वेळेची. हवा बंद ठेवून सांडपाणी खालून सोडले की सावकाश वाढणारे काही जिवाणू ते अन्न पोटात साठवून ठेवतात. ब्लोअर (हवा सोडणारे यंत्र) सुरू होईपर्यंत उतावळ्या तंतुमय जिवाणूंसाठी फारसे उरत नाही. सावकाश वाढणाऱ्यांचा गोळा घट्ट होतो, जिवाणूंच्याच चिकट स्रावाने तो बांधला जातो आणि हवेच्या घुसळणीने गुळगुळीत होतो. बाहेरच्या थरात प्राणवायू असतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आत प्राणवायू पोचत नाही, तिथे त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. एवढ्याशा दाण्यात दोन टाक्यांचे काम!

नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे प्रा. मार्क व्हान लूस्ड्रेख्त यांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले. २०१८ च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे ते एक मानकरी आहेत. त्याच देशातील एपे गावाचे सांडपाणी याच पद्धतीने शुद्ध होते.

आम्हाला असे दाणे व्हायला आठ महिने लागले. बसण्याचा वेळ तासावरून थोडा थोडा कमी केला, तेव्हा सुरुवातीला गढूळ पाणी येऊन फिल्टर तुंबले आणि वरिष्ठांची बोलणी मी खाल्ली. मग पाऊस आला. चेंबरांतून पावसाचे पाणी शिरून सांडपाणी पातळ झाले, दाणे बारीक झाले. डिसेंबरच्या गर्दीत ग्रीस ट्रॅप (स्वयंपाकघराच्या पाण्यातले तेल-तूप अडवणारी टाकी) वेळेवर साफ झाला नाही, तर आठवड्याभरात दाण्यांवर पांढरी लव दिसू लागली. यातले काहीही पावडरीने सुधारले नाही. ट्रॅप साफ केला, हवेची वेळ बदलली, जादा गाळ काढला, तेव्हा सुधारले.

गोव्यात आज जागोजागी संकुले उभी राहत आहेत. जांभ्या दगडाची जमीन सच्छिद्र, शेजारी विहिरी. प्रकल्प नीट चालला नाही तर ते पाणी कुठे मुरते हे सांगायला हवे का? प्रत्येक संकुलाने ऑपरेटरला रीतसर प्रशिक्षण द्यावे, मोजपात्र द्यावे आणि पाचव्या व तिसाव्या मिनिटाचे आकडे रोज फलकावर लिहायला लावावेत. सरकारने परवान्याच्या अटींतच हे घालावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बैठकीनंतर आमच्या संकुलाच्या तरुण ऑपरेटरला घेऊन टाकीवर गेलो. त्याच्याकडे मोजपात्र नव्हते, मी घरून नेले. पाचव्या मिनिटाला गाळ ८२० मिलिलिटरच्या खुणेवर, तिसाव्या मिनिटाला ६४० वर, म्हणजे अजून उतरतच होता. त्याने ते आकडे स्वतःच्या वहीत लिहून घेतले. पावडरीचा निर्णय येत्या रविवारी आहे, मी ती वही घेऊन जाणार आहे.

— एक निवृत्त एसटीपी ऑपरेटर, फोंडा