पोरीचं मन तपासण्याआधी छर्‍यांचा डबा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी दहावीत आहे आणि चार वर्षांपासून 10 मीटर एअर रायफल खेळते. मी शिरोली एमआयडीसीत 26 वर्षं फिटर होतो. आता तिथंच एका गाळ्यात जॉबवर्क घेतो. नेमबाजीचं तंत्र मला कळत नाही. श्वास कधी सोडायचा, गाल कुठं टेकवायचा, हे तिचे सर बघतात. पण लोखंड, स्क्रू आणि मापं मला कळतात, आणि त्या बाजूनं चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात तिचा स्कोअर अचानक घसरला. साठ गोळ्यांत 618 च्या आसपास असणारी मुलगी 609 वर आली. एका गोळीला दशांश धरून 10.9 पर्यंत गुण मिळतात. दहा गोळ्यांची सिरीज 103 ची व्हायची, ती 101 च्या पुढं सरकेना. रेंजवर सगळ्यांनी एकच निदान केलं: मन थाऱ्यावर नाही. ध्यान करायला लावा, मोबाइल काढून घ्या, दहावीचं टेन्शन घेतलंय तिनं. मीही मोबाइल काढून घेतला. ती काही बोलली नाही. फक्त एका रात्री ताट तसंच ठेवून उठली आणि म्हणाली, “बाबा, मला गोळी सुटताना दहा दिसतोय, आणि पडतोय नऊ.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मशीनवर बसलेला कारागीर म्हणतो की मी माप बरोबर घेतलंय आणि जॉब चुकतोय, तेव्हा आम्ही आधी टूल तपासतो. कारागिराला दोष देणं शेवटी येतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची रायफल आणि छर्‍यांचे डबे घेऊन बसलो. एका डब्यात 500 छर्रे असतात. सराव नियमित असला तर डबा आठवडाभरही पुरत नाही. चारही डबे एकाच कंपनीचे, चारहींवर 4.50 मिलिमीटर हेच माप. पण मागच्या चिठ्ठीवरचा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर, बघितला तर तीन वेगळे. रेंजवर एकत्र मागवलेल्या मालातून मुलांना हाताला येईल तो डबा दिला जातो, तसेच ते आले होते. काचेवर एकेक छर्रा लोटून पाहिला. छर्‍याचं डोकं बारीक आणि मागचा घेर थोडा मोठा असतो, त्यामुळं चांगला छर्रा काचेवर सरळ न जाता सावकाश गोल वळतो. एका डब्यातले बरेच छर्रे वळताना डगमगत होते. भिंगाखाली धरले तर मागच्या घेराला बारीक चेप दिसली. शिसं मऊ असतं, प्रवासात डबा आपटला तरी एवढं होतं.

रविवारी गाळा बंद असतो. दारं लावून, आत कुणी येणार नाही हे बघून, टेपनं दहा मीटर मोजले. समोर जाड पत्र्याची पेटी ठेवली. मिलिंगची जुनी व्हाइस, म्हणजे जॉब धरायची पकड, बिडाच्या ठोकळ्यावर बोल्टनं बसवली आणि जबड्यांना चामडं लावलं. ते चामडं चपला शिवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यानं दिलं. रायफल त्यात धरली आणि प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे एकेका कार्डावर मारले. असं तीन वेळा केलं. नेम नाही, श्वास नाही, मन नाही. फक्त नळी आणि छर्रा.

एका डब्याच्या दहा छर्‍यांनी मिळून जे भोक पाडलं, ते बाहेरून बाहेर 5.4 मिलिमीटर भरलं. छर्राच साडेचारचा, म्हणजे फरक एक मिलिमीटरही नाही. चेप आलेल्या डब्याचं भोक 7.9 भरलं. नंतर रायफल उलटी करून पाहिली, तर पुढचा स्क्रू पाव फेरा सैल निघाला. तोही धरून टॉर्क रेंचनं नीट कसला आणि पुन्हा मारून बघितलं. चांगला डबा आणखी थोडा आवळला, वाईट डबा वाईटच राहिला.

आता याचा हिशेब सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. 10 मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान. छर्‍याची नुसती कड त्याला लागली तरी दहा धरतात. मधोमध पडलेल्या गोळीला 10.9 मिळतात, आणि तिथून पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश जातो. वाईट डब्यातला कडेचा छर्रा मधल्यापासून 1.7 मिलिमीटर लांब पडत होता. म्हणजे पोरीनं अगदी मधोमध धरलेली गोळीही 10.3 वर उतरणार. त्यात हाताची तिची स्वतःची थरथर मिळाली की दहाचा नऊ होतो. साठ गोळ्यांत प्रत्येकी दोनच दशांश गेले तरी बारा गुण जातात. निवडीच्या यादीत बारा गुणांच्या अंतरात किती मुलं बसतात, हे ज्यांची मुलं खेळतात त्यांनाच माहीत.

चांगल्या लॉटवर ती तीन आठवड्यांत परत 617 ला आली. मी तिची माफी मागितली आणि मोबाइल परत दिला.

आमचं कोल्हापूर नेमबाजांचं गाव आहे. तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 451.4 गुण करून ब्राँझ आणलं, तेव्हा आमच्या गल्लीत हलगी वाजली. त्या दिवसापासून नवीन मुलं रेंजवर येतात आणि भाषणात त्यांना एकाग्रता सांगितली जाते. ती हवीच. पण स्वप्नील ज्या 50 मीटरच्या प्रकारात खेळतो, त्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, आणि तिथं काडतुसाचा लॉट जमला नाही तर कितीही स्थिर माणूस हरतो, हे मुलांना कुणी सांगत नाही.

त्या 50 मीटरच्या रायफलीत लागणाऱ्या .22 च्या काडतुसाची गोष्ट तर आणखी अवघड. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो, त्यामुळं एकदा उडालेलं टरफल पुन्हा भरून वापरता येत नाही. परदेशात 300 मीटरचे नेमबाज दारू तोलून आपलं काडतूस आपण भरतात, रायफलला हवं तसं करून घेतात. .22 वाल्याला ती मुभा नाही. तयार मालातून आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधणं, एवढंच त्याच्या हातात. म्हणून जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचणीच्या रेंज बांधल्या आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, तिथल्या पकडीत ती बसवतात, एकामागून एक लॉट मारतात, आणि जो जमेल त्याच लॉटची हजारो काडतुसं तो विकत घेतो. ज्यांना पैसा आणि पाठबळ आहे, ते हे करतात. ज्या मुलाचा बाप ऊसतोडीला जातो, त्याला वाटणीतला डबा मिळतो.

साहित्यानं काय होतं, याचं उदाहरण टोकियोत सगळ्या देशानं पाहिलं. मनू भाकरच्या एअर पिस्तूलचा भाग ऐन पात्रता फेरीत तुटला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि 575 गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेव्हाही तिच्या मनावरच बोट ठेवणारे कमी नव्हते. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच मुलीनं दोन पदकं घेतली.

मला एक उत्तर ऐकायला मिळतं, की 600 च्या आतल्या मुलानं छर्‍याचा विचारच करू नये, आधी उभं राहायला शिकावं. हे मला पटतं. पण जे मूल शिकून 615 ला पोचलंय, त्याला अंधारात ठेवणं पटत नाही.

म्हणून क्रीडा खात्याला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संघटनांना माझी विनंती आहे. प्रत्येक विभागीय रेंजवर एक पकड कायमची बसवा आणि महिन्यातून एक दिवस एक लेन चाचणीला मोकळी ठेवा. छर्रे खरेदी करताना आधी वेगवेगळ्या लॉटचे दोन-दोन डबे मागवून मारून बघा, मग जो बरा तो एकगठ्ठा घ्या. सगळ्यात स्वस्त निविदा उचलून पोरांचं वर्ष वाया घालवू नका. आणि एअर रायफलला लावतात त्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघायला एक माणूस नेमा. सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते, आत दोनशे बारचा दाब असतो, आणि जुन्या रायफली एका मुलाकडून दुसऱ्याकडं जातात तेव्हा ती तारीख कुणी वाचत नाही. मी स्वतः मुदत संपलेले दोन सिलिंडर मुलांच्या हातातून काढून घेतले आहेत. हे काम स्कोअरच्याही आधी व्हायला हवं.

पकडीला फार खर्च नाही. ठोकळा भंगारातला चालतो, व्हाइस जुनी चालते, जबडे मात्र समांतर हवेत आणि चामडं दोन्हीकडं सारख्या जाडीचं हवं, नाहीतर रायफल तिरकी धरली जाते. मापांसह आराखडा मी ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवला आहे. कोणत्याही रेंजनं मागितला तर प्रत देईन, आणि बसवायला स्वतः येईन. रविवार सोडून, कारण रविवारी गाळ्यात आता आणखी सहा मुलांचे डबे तपासायला येतात.

आपला,
एक फिटर आणि पालक,
कोल्हापूर