सांगोल्याचा अकरावा विजय एका जागी दिसू द्या

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, हे राज्याचे राजकारण पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण सार्वत्रिक निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल ओळीने मांडून मोजायला बसले, की विजय दहाच भरतात: १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे. १९७२ ला ते हरले होते. पोटनिवडणुकीचा निकाल सार्वत्रिक अहवालात येत नाही, त्यामुळे निव्वळ त्या अहवालांवर विसंबणारा माणूस एका आमदाराच्या कारकिर्दीतला एक अख्खा विजय गमावून बसतो. तेरा लढती, अकरा विजय, १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव हा साधा हिशेब सरकारी कागदांवरून जुळवताना मतदाराची एवढी दमछाक होऊ नये.

म्हणून आमची मागणी आहे की, आपल्या कार्यालयाने प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची एक निकालवही तयार करावी. ती मराठीत असावी, तिच्यात शोध घेता यावा, तिच्यातले आकडे उतरवून घेऊन बेरीज करता यावी. सुरुवात सांगोल्यापासून करावी. पोटनिवडणूक, पक्षांतर, अटीतटीच्या लढती, मतदारसंघाची फेररचना असे निकालवहीची परीक्षा पाहणारे जवळपास सगळे प्रकार या एकाच मतदारसंघात भेटतात.

पहिली अडचण नावांची. जुन्या याद्यांमध्ये कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. मतदारसंघही कुठे सांगोला, कुठे सांगोले. संगणक यांना वेगवेगळे समजतो आणि एका माणसाचे दोन उमेदवार होतात. उलट नामसाधर्म्याचे अपक्ष उभे राहतात तिथे दोघांचा एक होतो. पक्षाच्या रकान्यावर विसंबूनही भागत नाही. शहाजीबापू पाटील १९९५ ला काँग्रेसचे म्हणून जिंकले, २०१९ ला शिवसेनेचे. ‘शिवसेना’ हे नाव शिंदे गटाला देण्याच्या निवडणूक आयोगाच्या फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानंतर २०२४ च्या यादीतली ‘शिवसेना’ आणि २०१९ च्या यादीतली ‘शिवसेना’ यांचा अर्थही एक राहिला नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक उमेदवाराला एक कायमचा क्रमांक द्यावा, तो सगळ्या निवडणुकांत तोच ठेवावा आणि पक्ष त्या त्या वर्षाच्या ओळीत स्वतंत्र लिहावा.

दुसरी अडचण हद्दीची. २००८ च्या परिसीमन (मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखण्याच्या) आदेशानंतर सांगोला २५३ क्रमांकाचा मतदारसंघ झाला आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दीत झाली. त्यामुळे २००४ आणि २००९ ची मते शेजारी ठेवून कोण वाढले, कोण घसरले हे सांगणे चूक आहे, तरी ते सर्रास सांगितले जाते. वहीत या दोन वर्षांच्या मध्ये ठळक रेघ हवी आणि कोणती गावे आली, कोणती गेली याची यादी हवी.

खरा खजिना नमुना २० मध्ये, म्हणजे केंद्रवार अंतिम निकालपत्रकात आहे. आमदार कोणत्या गावांच्या जोरावर निवडून येतो आणि कुठे त्याचा पाया खचतो, हे फक्त इथे दिसते. मतपत्रिका मुदत संपल्यावर नष्ट होतात, हा कागद उरतो. पण तो अनेकदा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात मिळतो, कधी आडवा, कधी शिक्क्याखाली आकडे झाकलेले. ३ चा ८ आणि १ चा ७ वाचला जातो. म्हणून टंकलेखनानंतर तीन ताळे घ्यावेत. प्रत्येक केंद्रावर उमेदवारांची मते, बाद मते आणि नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची मते) मिळून त्या ओळीची बेरीज जुळली पाहिजे. सगळ्या केंद्रांच्या बेरजेत टपाली मते मिळवल्यावर घोषित आकडा आला पाहिजे. नेमकी ही टपाली मतांची ओळ बहुतेक वेळा सुटते, कारण ती तक्त्याच्या अगदी तळाशी असते. तिसरा ताळा पहिल्या दोन उमेदवारांतल्या फरकाचा.

केंद्र क्रमांकांवरही विश्वास ठेवू नये. मतदार मर्यादेबाहेर गेले की केंद्राची फोड होते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मग २०१४ चे अमुक क्रमांकाचे केंद्र आणि २०१९ चे त्याच क्रमांकाचे केंद्र वेगवेगळ्या गावांत निघते. गाव, शाळा आणि खोली यांवरून जुना-नवा क्रमांक जोडणारा तक्ता प्रत्येक निवडणुकीला सोबत हवा. हे काम तालुक्यातल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनाच नीट जमेल, मुंबईत बसून जमणार नाही.

इतक्या बारकाईचा आग्रह का, ते सांगोल्याचेच दोन निकाल सांगतात. १९९५ ला गणपतराव १९२ मतांनी हरले. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) अनिकेत देशमुख लढले आणि शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी पडले. अशा लढतीत बाद मते, टपाली मते, नोटा आणि छोट्या अपक्षांची मते, प्रत्येक रकाना निकालाएवढाच महत्त्वाचा असतो. २०२४ ला बाबासाहेब देशमुखांनी ही जागा शेकापकडे परत आणली, तीही २५ हजारांहून अधिक मतांनी. पाच वर्षांत एवढा फरक कुठल्या गावांत पडला, हे जाणून घेण्याचा तिथल्या मतदाराला पुरेपूर हक्क आहे.

मतांच्या टक्केवारीचा छेद मात्र एकच ठरवावा. अनामत रक्कम जप्त होते की नाही हे वैध मतांच्या एक षष्ठांशावर ठरते आणि त्या हिशेबात नोटा धरत नाहीत. २०१४ पासून नोटासह एकूण मते छेदात घेतली, तर आधीच्या निवडणुकांशी तुलना बिघडते.

नमुना २६ चे, म्हणजे मालमत्ता आणि गुन्हे सांगणारे उमेदवाराचे शपथपत्र आणि खर्चाचा हिशेब त्याच ओळीला जोडावा. शपथपत्रे महाराष्ट्र विधानसभेसाठी २००४ पासूनच मिळतील. त्याआधीचा रकाना रिकामा न ठेवता ‘तेव्हा लागू नव्हते’ असे लिहावे, नाहीतर उमेदवाराने माहिती दडवली असा समज होतो. खर्चाची मर्यादाही वर्षासह लिहावी: २०१४ आणि २०१९ ला २८ लाख, २०२४ ला ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत दाखल होणारा हा हिशेब नियमाप्रमाणे एक रुपया भरून कोणालाही पाहता येतो. तो वहीतही घरबसल्या दिसायला हवा.

२०२६ नंतरच्या जनगणनेवरून पुन्हा परिसीमन होणार आहे. हद्दी बदलल्या की आजची गावे वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरतील आणि जुने केंद्रवार आकडे जुळवणे कितीतरी अवघड होईल. २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुका एकाच हद्दीत झाल्या आहेत. त्यांचे नमुना २० आधी टंकून घ्यावेत, १९६२ पर्यंत मागे नंतर जावे. सांगोल्याची वही तयार झाली की ती तहसील कार्यालयात महिनाभर हरकतींसाठी ठेवावी आणि आलेल्या दुरुस्त्या तारखेसह वहीतच नोंदवाव्यात.

आपले नम्र,
निवडणूक निकालांचा अभ्यास करणारे मतदार