मुक्ताताई आम्हाला नगरसेविका म्हणून आठवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कसब्याच्या दिवंगत आमदार मुक्ता टिळक यांचं नाव निघालं की हल्ली रुग्णवाहिकेचीच गोष्ट सांगितली जाते. जून २०२२ मध्ये, कर्करोगाने शरीर पार थकलेलं असताना, त्या आधी राज्यसभेच्या आणि दहाच दिवसांनी विधान परिषदेच्या मतदानासाठी पुण्याहून मुंबईला गेल्या. त्या जिद्दीपुढे मी हात जोडतो. पण पेठांमधल्या आम्हा लोकांना त्या आमदारकीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. २००२ पासून सलग चार वेळा त्या नगरसेविका झाल्या. पेठेत नगरसेवकाकडे लोक काय घेऊन जातात? वरच्या मजल्यावर न चढणारं पाणी, बोळातलं तुंबलेलं ड्रेनेज, पावसाळ्याच्या तोंडावर कलंडलेली वाड्याची भिंत, मालक-भाडेकरूंच्या वादात अडकलेली दुरुस्ती. यातलं काहीच बातमीत येत नाही. लोकमान्यांच्या घरची सून म्हणून पहिल्यांदा कुणी मत दिलंही असेल. चौथ्यांदा मिळतं ते कामालाच.

२०१७ मध्ये त्या महापौर झाल्या. पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले ते त्याच वर्षी. २०१९ मध्ये कसब्यातून आमदार झाल्या आणि २२ डिसेंबर २०२२ रोजी गेल्या. तसेच आजारपणात मतदानासाठी मुंबईला गेलेले चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप पुढच्याच ३ जानेवारीला गेले. तेही नगरसेवक आणि महापौर म्हणूनच घडलेले.

या दोघांच्या धैर्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्यांना तो प्रवास करावाच का लागला, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांपुढच्या मतदाराचं मत घरी येऊन घेतलं जातं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतल्या आमदाराला राज्यसभेसाठी टपालाने मत देता येतं. अंथरुणावरच्या आमदाराला मात्र विधान भवनच गाठावं लागतं. वर मुक्ताताईंनी मतदानाला मदतनीस घेतला म्हणून आक्षेपही नोंदवला गेला. तो फेटाळला गेला, तरी आजारी बाईला एवढा त्रास कशासाठी?

निवडणूक आयोग आणि केंद्र सरकारने नियम बदलावा आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर रुग्णालयातून मत घेण्याची सोय करावी. पुण्याच्या सर्वपक्षीय आमदार-खासदारांनी ही मागणी मिळून लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे