बनगरवाडी आधी वाच, मग बघ

लातूर

चि. बाळू यास आईचे अनेक आशीर्वाद.

‘बनगरवाडी’चं एक प्रकरण वाचायचं, लगेच मोबाईलवर सिनेमात तेवढाच भाग बघायचा आणि काय गाळलं ते लिहून ठेवायचं, असं तू चालवलंयस म्हणे. मन लावून वाचतोयस याचा आनंद आहे, पण ही रीत मला पटली नाही. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय.

कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा, आणि पटकथा खुद्द कादंबरीकार व्यंकटेश माडगूळकरांची. काय ठेवायचं, काय सोडायचं हे ज्यानं लिहिलं त्यानंच ठरवलंय. म्हणून गाळलेल्या प्रसंगांच्या यादीतून फार काही हाती लागायचं नाही.

खरा फरक मला गोष्ट सांगणाऱ्या शाळामास्तरांपाशी दिसतो. पुस्तकात ते आपल्याला दिसतच नाहीत. वाडीतली अंजी चोळी शिवून आणायला सांगते, आयबू मास्तरांच्या मागेमागे असतो, हे सगळं आपण त्यांच्याच डोळ्यांनी बघतो. सिनेमात मात्र मास्तर समोर उभे! किती कोवळं पोरगं वाडीत एकटं आलंय, हे वाचताना मी विसरूनच गेले होते. ते सिनेमानं दाखवलं, आणि मला फार आवडलं. पण एकदा तो चेहरा बघितला की पानांतून हलत नाही. चंद्रकांत मांढरेंनी वाडीचा म्हातारा कारभारी सुरेख उभा केलाय. तरी माझ्या मनातला कारभारी अजून तुझ्या पणजोबांसारखाच आहे, कारण मी आधी वाचलं होतं. तुझा कारभारी तुला कधी भेटणार?

आणि शेकूची बायको! बैलाच्या जोडीनं ती औताला खांदा देते, तिथं मी पुस्तक पालथं घालून कितीतरी वेळ बसून राहिले. वाचताना असं थांबता येतं रे.

शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, वाडी उठते. गाव माणदेशातलं, औंध संस्थानातलं, पण ती पानं आपल्याकडं वेगळीच वाचली जातात. आजीला वाचून दाखवली, तर म्हणाली, “आधी जनावर जातंय माय, मग माणूस गाव सोडतंय.” १९७२ ला ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडीवर दिवस काढलेत तिनं. तू २०१६ ला मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे बघितलीस, टँकरपुढं घागरी घेऊन उभा राहिलास. वाचताना तुझ्या डोळ्यांपुढं ते येऊ दे. पडद्यावरची कोरडी जमीन आधीच बघितलीस, तर तीच येईल.

शेवटची प्रकरणं राहिलीत ना? ती होईस्तोवर मोबाईल बाजूला ठेव. दिवाळीला आलास की सिनेमा आपण आजीला घेऊन सलग बघू. तिला मांढरे फार आवडायचे.

पैसे पाठवलेत, मिळाले की कळव.

तुझी,
आई