रविवारची बैठक : तबकड्या पुसून आणा

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता रत्नागिरीत, मांडवीजवळच्या नेहमीच्या खोलीवर जमायचं आहे. विषय १९८६ चं थ्रॅश (हेवी मेटल संगीताचा वेगवान प्रकार) : मेटालिका बँडचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि स्लेयर बँडचा 'रेन इन ब्लड' हे दोन अल्बम. दुसरा जेमतेम २९ मिनिटांचा, म्हणून तो सलग, मध्ये न बोलता ऐकायचा. वाद नंतर हवा तेवढा घाला.

पावसाळ्यात तबकड्यांवर पांढरट बुरशी धरते. ती सुईच्या टोकाला गोळा होते आणि झांजांचा आवाज फाटतो. म्हणून :

- डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा. नळाचं पाणी अजिबात नको, क्षार खाचांत राहतात.
- पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालू नका.

प्रत्येकाने आपलं एकच गाणं, शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.