सी विंगमागचा पट्टा रानफुलांसाठी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहरचना संस्था, पुणे

सप्रेम नमस्कार.

सी विंगमागच्या भिंतीलगत या पावसाळ्यात नवी लॉन टाकायचे ठरते आहे, असे माळीकाकांकडून कळले. तिथे लॉन नको. तो पट्टा आपल्याकडच्या रानफुलांसाठी द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपल्या आवारात हिरवळ भरपूर आहे, पण ड्युरांटाचे कुंपण सतत छाटले जाते, त्याला फूलच धरत नाही. मधमाशीने यायचे कशासाठी?

टाकळा, खुळखुळा आणि तेरड्याचे बी मी दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेचे आणि पडीक प्लॉटमधले गोळा करून ठेवले आहे. (कासच्या पठारावरून कुणी बी किंवा रोपे आणू नयेत, ते संरक्षित क्षेत्र आहे.) टाकळ्याचे आणि खुळखुळ्याचे बी टणक असते. पॉलिश पेपरवर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवले की पाणी धरून फुगते; फुगलेले तेवढे पेरायचे. जूनमध्ये एकदोन चांगले पाऊस झाले की वाळूत मिसळून उथळ पेरणी करायची. शेणखत भारंभार घालू नये, नुसता पाला माजतो.

टाकळ्याच्या पानांवर छोटी पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. खुळखुळ्याच्या फुलावर भुंगा बसला की त्याच्या भाराने खालची पाकळी दबते आणि टोकातून पराग निघून थेट त्याच्या पोटाला लागतात. हे मुलांना जवळून दाखवण्यासारखे आहे. मात्र खुळखुळ्याच्या बिया विषारी असतात, म्हणून ही झाडे खेळाच्या जागेपासून लांब, भिंतीकडेच हवीत.

मोहोळाच्या भीतीने काही सभासद विरोध करतील. पण निळ्या पट्ट्यांच्या माश्यांसारख्या कितीतरी माश्या मातीत एकेकट्या घर करतात, मोहोळ बांधत नाहीत आणि सहसा डंखही करत नाहीत. त्यांच्यासाठी थोडी जमीन उघडी ठेवावी.

समितीकडून मला पैसे नकोत. जून ते डिसेंबर तिथे ग्रास कटर फिरवू नये आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना तिथे फवारणी करू देऊ नये, एवढेच हवे. पावसाने फारच ओढ दिली तर पाणी मी घालीन. खरी अडचण पावसाळा सरल्यावर येईल. झाडे वाळून काड्या उभ्या राहतील, पट्टा ओसाड दिसेल, आणि 'साफ करा' असे फोन आपल्याला येतील. शेंगा तडकून बी खाली पडेपर्यंत त्या काड्या कृपया काढू देऊ नका. पुढच्या वर्षीची फुले त्याच बियांतून उगवणार आहेत. लोकांना समजावे म्हणून तिथे पाटी मी स्वखर्चाने लावीन.

पेरणी जूनमध्ये असल्याने हा विषय मेच्या बैठकीत घ्यावा. बी घेऊन मी हजर राहीन.

आपली नम्र,
सी विंगमधील एक सभासद